शस्त्र, यंत्र आणि संमती

मूत्राशयातील खडा हा मानवाचा फार जुना वैरी. त्याच्या यातना अशा, की जगणे नकोसे व्हावे. आणि त्यावरचा जुना उपाय असा, की त्यातून जगण्याची शाश्वती नसावी. या पेचात रोग्याने काय स्वीकारावे आणि वैद्याने त्याला काय सांगावे, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीचा स्वतंत्र अध्याय आहे. तूप, क्षार, काढे हे आधी. शस्त्र सर्वांत शेवटी. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयित. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच ते करावे, असा तेथे दंडक आहे. अनुज्ञा रोग्याची नव्हे, सत्ताधीशाची, हे खरे. परंतु संशय लपवू नये, हा विवेक त्या काळीही जागा होता.

पुढे १८२४ साली पॅरिसमध्ये झां सिव्हिआल याने चीर न देता, मूत्रमार्गातून यंत्र घालून खडा आतच फोडून दाखविला. त्याने दोन्ही पद्धतींचे आकडे जमविले. जुन्या शस्त्रकर्मात शंभरांपैकी सुमारे वीस रोगी दगावत, नव्यात दोन-तीन. १८३५ साली हे आकडे फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आले, तेव्हा आक्षेप निघाला, की यंत्रासाठी निवडलेले रोगी मुळातच सुस्थितीतले असतील. शिवाय समूहाचे गणित एकट्या रोग्याला कसे लागू करावे? हा आक्षेप आजही निरर्थक ठरलेला नाही.

१८७८ साली अमेरिकेतील बिगलो याने खडा फोडून त्याचा चुरा एकाच बैठकीत धुऊन काढण्याची रीत रूढ केली. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, त्यांना ही रीत सोसणार नाही, असा समज होता. तो खोटा ठरविला होळकरांच्या इंदूरमधील रेसिडेन्सी सर्जन कीगन याने. लहान मापाची यंत्रे वापरून त्याने मुलांचे खडेही चिरेविना काढले. ज्या मुलांपुढे आजवर सुरीखेरीज मार्ग नव्हता, त्यांच्या आईबापांपुढे आता दोन मार्ग आले. आणि जेथे मार्ग दोन, तेथेच निवडीचा प्रश्न खरा.

निवडीचा हा हक्क कायद्याने स्पष्ट केला तो फार पुढे. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके, पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रोग्याला कळले पाहिजेत. यांतील शेवटचा मुद्दा सुश्रुताच्या वचनाशी किती जवळचा आहे! फरक इतकाच, की राजाच्या जागी आता रोगी आला.

बंगळूरच्या राजाजीनगरात कामगार राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी येणाऱ्या प्रौढ कामगारापुढे खड्याइतकाच प्रश्न असतो तो वाढलेल्या पुरःस्थ ग्रंथीचा. रात्री चार-चारदा उठावे लागते, धार क्षीण होते. तूर्त वाट पाहावी, गोळी घ्यावी, की मूत्रमार्गातून ग्रंथी खरवडून घ्यावी? गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते, तिने कधी घेरीही येते. शस्त्रक्रियेने धार सुधारते, पण वीर्यस्खलनात फरक पडू शकतो. यंत्रावर उभे राहणाऱ्याला घेरीचे भय मोठे, तर नवविवाहिताला दुसरे. यांपैकी कोणते ओझे वाहावे, हे आकडे सांगू शकत नाहीत. ते ज्याला वाहायचे आहे, त्यानेच सांगावयाचे असते. वैद्याचे काम त्या ओझ्याचे वजन खरे सांगण्याचे, आणि ते त्याला समजेल अशा भाषेत.