पाणी कुणाच्या हातचं?

मराठीत धर्मांतराला एक जुना, बोचरा शब्द आहे: बाटणं. ख्रिस्ती माणूस ज्याला बाप्तिस्मा म्हणतो, त्यालाच एकोणिसाव्या शतकातले शेजारीपाजारी बाटणं म्हणायचे. दोन्ही गोष्टी पाण्याभोवतीच फिरतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं माणूस नव्या समाजात येतो, आणि 'नको त्या' हातचं पाणी प्यायला की जुन्या समाजातून बाहेर पडतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला ही दोन्ही पाणी सारखी दिसत राहतात.

लक्ष्मीबाई वाढल्या त्या घरात वडिलांचं सोवळं पराकोटीचं होतं. बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घेतलं जाई. कोवळ्या वयात त्यांचं लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झालं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला ना विचारलं, ना आधी सांगितलं. टिळकांविषयी कितीही आदर असला तरी ही गोष्ट मला नजरेआड करता येत नाही. त्यांच्या श्रद्धेची किंमत आधी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहानगा दत्तू, आणि आधार नातेवाइकांचा.

काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले. नवरा ख्रिस्ती, बायकोची चूल मात्र सोवळी. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. एकदा तुटलेला विश्वास पुन्हा जोडायला याहून दुसरा मार्गही नव्हता.

मग लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं केल्या असतील तर त्या पाळायच्या कशासाठी? उत्तर सापडलं त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. नगर भागातल्या मिशनमध्ये बहुतेक मंडळी महार आणि मांग समाजातून आलेली होती, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं. चर्चमध्ये एका बाकावर बसणं त्या मानानं सोपं. त्यांच्या घागरीतलं पाणी घशाखाली उतरवणं अवघड.

1900 साली राहुरीला लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कुणाच्याही हातचं पाणी त्या आधी प्यायल्या, बाप्तिस्म्याचं पाणी नंतर आलं. विधीनं त्यांना बदललं नाही. बदल आधीच स्वयंपाकघरात झाला होता, विधीनं त्यावर खूण केली. ख्रिस्ती शिकवणीत बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाचं मरणं आणि नव्याचं उठणं. लक्ष्मीबाईंचा जुना माणूस एका क्षणात मेला नाही. संसार करता करता, पोरक्या मुलांना घरात घेता घेता तो हळूहळू गळून पडला.

टिळकही बदलत गेले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताच्या मागं चालणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही, तिथं एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. ज्या विधीपायी स्वतःचं घर मोडलं होतं, तो विधी त्यांनी नाकारला नाही; फक्त त्याची भिंत होऊ नये एवढं पाहिलं. 1919 मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढं नेलं ते शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी.

आजही ख्रिस्ती घरांत लग्नाची बोलणी सुरू झाली की चार पिढ्यांमागची जात हळूच डोकावते. नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख असते, पण सोयरीक कुठं करायची हे जुनं पाणी ठरवतं. म्हणून कुणी श्रद्धेचा दाखला विचारला, तर मला लक्ष्मीबाईंचा प्रश्न जास्त खरा वाटतो: तुम्ही पाणी कुणाच्या हातचं पिता?