धरणारे हात

नांदेड-लातूरकडे इनामदार, जहागीरदार, वतनदार ही आडनावे गावोगावी भेटतात. त्यांतला ‘दार’ फारसी. अर्थ धरणारा, बाळगणारा. भाषाशास्त्र सांगते, हा ‘दार’ आणि संस्कृत ‘धृ’, म्हणजे आपले ‘धरणे’, एकाच मुळाचे. गंगाधर आणि जमीनदार शब्दांच्या नात्याने भाऊबंदच!

इटलीत धरण्याला ‘तेनेरे’ म्हणतात. तो शब्द लॅटिनचा, मूळ मात्र वेगळे. ताणून धरण्याच्या त्या मुळातून आपले ‘ताणणे’ही आले. लॅटिनच्याच वंशातला इंग्रजी ‘टेनंट’. जमीन धरणारा, पण मालक नव्हे. आपण त्याला कूळ म्हणतो.

निजामाच्या राज्यात जहागीरदाराच्या हाती सनद होती, कुळाच्या हाती नांगर. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले. सनदा गेल्या, आडनावे राहिली.

‘फारसी शब्द परके, ते मराठीतून काढा,’ असे कोणी म्हणाले की मला गंगाधर आठवतो. भावाला घराबाहेर कसे काढायचे? शब्द कुठून आला, यापेक्षा तो कोणाच्या हाती काय देतो, हे पाहावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)