वाडीतले बैठे काम

कुलाबा म्हटले की आठवतात ते कान्होजी आंग्र्यांचे आरमार, चौलचे बंदर आणि समुद्रात उभा असलेला किल्ला. १९८१ साली रायगड हे नाव मिळेपर्यंत जिल्ह्याचे नावही तेच होते. पण अलिबागच्या आसपासच्या गावांना लोकांनी जे नाव दिले ते किल्ल्यावरून नव्हे, तर बागांवरून : अष्टागर. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. ज्या बागांनी मुलखाला नाव दिले, त्यांचाही इतिहास सांगायला हवा, असे मला वाटते.

घरामागची ही वाडी जुन्या काळी रहाटावर जगे. बैल फिरे, लोटे भरून वर येत आणि पाणी पाटाने झाडाच्या आळ्यापर्यंत पोचे. घागर उचलण्याचे बळ नसले तरी मातीचा लहानसा बांध फोडून पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात सोडता येई. माडावर चढायला तरणाताठा गडीच हवा. पण झावळ्यांचे हीर काढणे, झाप विणणे, वाळलेली सुपारी सोलणे ही सारी बैठी कामे. चार बायका पडवीत सुपारी सोलायला बसल्या की गावातली लग्ने, आजार, भांडणे तिथेच कळत. गुडघे धरलेली आजीही मग माणसांत राही. त्यात कोणाचा उपकार नव्हता. सोलल्यावाचून सुपारीला बाजार नव्हता.

हीच गोष्ट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला फार कष्टाने सिद्ध झाली. १९५१ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केले. बोटे गमावलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे विहिरी खणल्या, भाजीपाला पिकवला. पण त्यांची भाजी गावात कोणी घेईना. पुढे परदेशी स्वयंसेवक तिथे राहून तेच अन्न खाताना दिसले, तेव्हा लोकांची भीती मोडली. मातीने हाताला काम आधीच दिले होते. भाजी विकली गेली तेव्हा माणसेही मिळाली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत पोफळी रांगेने आडव्या झाल्या. सरकारी भरपाई झाडावर ठरली : पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. नवी पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. तोवर ज्या आजीपुढची सुपारीची रास गेली, तिच्या रिकाम्या दुपारीला भाव कोणी ठरवायचा?

दिवाळी सरली की तुळशीचे लग्न येईल. वृंदावनाकडे जरा नीट पाहा. कमरेइतके उंच ते. वाकता न येणाऱ्यालाही पाणी घालता यावे असे. वाडी नव्याने लावताना तेवढे ध्यानात ठेवावे : पाट पायवाटेजवळून न्यावा, जोत्याच्या कडेला हाताशी येतील अशी चार झाडे लावावीत, आणि सुपारी सोलायला पडवीत जागा राखावी. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसालाही वाडीत काम असले, तरच ती वाडी पुरती लागली म्हणायची.