गिरणगाव

गिरणगाव : मध्य मुंबईत कापड गिरण्यांभोवती वाढलेली कामगार वस्ती. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी हा तिचा साधारण विस्तार.

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या परळपर्यंत पसरल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे मुंबईची वाट धरू लागली. कोकणातल्या तुटपुंज्या शेतीवर घर भागत नसे. घरधनी गिरणीत, बायकामुले गावी आणि मधे मनिऑर्डर, अशी घडी बसली. भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हातात असल्यामुळे एका गावचे, एका जातीचे लोक बहुधा एकाच खात्यात लागत. कायम नोकरी नसलेले बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर उभे राहत.

साचा खात्यात, म्हणजे मागावर, कमाई चांगली होती. तेथे कांडी बदलताना धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाचे हे निमित्त पुढे करून दलित कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवले जाई. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा अन्याय वेशीवर टांगला. गिरणगावच्या एकजुटीचा गौरव करताना ही गोष्ट झाकून चालत नाही.

एकजूटही खरीच होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९२८ चा संप सहा महिने चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

या वस्तीची संस्कृती घडली ती चाळीत. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींत खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत प्रत्येकाला ट्रंकेपुरती जागा आणि भिंतीवर एक खुंटी. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याने मोकळ्या केलेल्या जागी पथारी टाकी. जेवण शेजारच्या खानावळीत. ती चालवणारी बाई स्वतःचा संसार सांभाळून परक्या पुरुषांना दोन वेळ जेवू घाली आणि पगार होईपर्यंत किराणा उधारीवर आणी. गिरणगावच्या इतिहासात या बायकांना पुढाऱ्यांइतकेच मानाचे पान मिळायला हवे. सावकाराच्या फासातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

याच खोल्यांतून भजन, नमन, जाखडी, दशावतार मुंबईत रुजले. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके रंगली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येथील चाळीचाळींत पोहोचवली. कवी नारायण सुर्वे यांनाही गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सांभाळून वाढवले.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनसबरोबरच, १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला दिलेला बोलणीचा अधिकार हाही वादाचा विषय होता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, उघडलेल्यांत पूर्वीइतके कामगार घेतले गेले नाहीत. घराघरांत उतरलेला हा काळ जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात नेमका सापडतो.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना आणि तिसरा सार्वजनिक घरांना मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि दोन्ही वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरण्यांच्या आवारांत मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगारांसाठी घरे मिळाली ती संघटनांनी लढा चालू ठेवल्यामुळे. म्हाडाच्या सोडतीतून काही हजार कुटुंबांना लाभ झाला, पण अर्ज करणारे कामगार आणि वारस लाखाहून अधिक असल्याने बहुसंख्यांची घराची मागणी अद्याप पुरी झालेली नाही.