वाङ्मयीन पुरस्कार : परभणी जिल्हा

उत्कृष्ट साहित्यकृतीस वा संशोधनग्रंथास शासन, विद्वत्संस्था अथवा खाजगी न्यास यांच्याकडून दिले जाणारे द्रव्य, सन्मानचिन्ह व सन्मानपत्र म्हणजे वाङ्मयीन पुरस्कार होय. पुरस्काराने ग्रंथाची पारख होते. तसेच पुरस्कार देणाऱ्यांची दृष्टी कोठवर पोहोचते, हेही त्यावरून कळते. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात याचा प्रत्यय विशेषेकरून येतो.

मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याची आधुनिक प्रथा पुण्याच्या दक्षिणा निधीतून निघाली. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर (१८१८) इंग्रज सरकारने ती काटछाट करून चालू ठेवली. या द्रव्याचा काही भाग मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, अशी मागणी लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी केली. तीतूनच १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये आपले तृतीय रत्न हे नाटक या कमिटीकडे पाठविले. परंतु ते नाकारण्यात आले. पुढे १९७९ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखनास सव्वाशे वर्षे होत आली होती.

परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई इलाख्यातील या व्यवस्थेचा लाभ तेथील लेखकांना होण्याजोगा नव्हता. संस्थानच्या राज्यकारभारात व उच्च शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. मराठी ग्रंथाला राजाश्रय दुर्मिळ, तर पुण्या-मुंबईचे प्रकाशक व समीक्षक दूर, अशी येथील लेखकाची स्थिती होती. मराठवाडा साहित्य परिषदेच्या स्थापनेने (१९४३) प्रदेशातील लेखकांना स्वतःचे व्यासपीठ लाभले.

या परिस्थितीत ज्यांचे लेखन घडले, त्यांत बी. रघुनाथ तथा भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–५३) हे अग्रगण्य होत. तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना हे त्यांचे जन्मगाव. परभणी येथे सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करीत त्यांनी कविता, कथा व कादंबरी या तिन्ही प्रकारांत विपुल लेखन केले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करीत असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आडगावचे चौधरी (१९५४) ही कादंबरी व पुन्हा नभाच्या लाल कडा (१९५५) हा कवितासंग्रह मरणोत्तर प्रसिद्ध झाले. साहित्य अकादेमीची स्थापना १९५४ मधली; मराठीतील तिचा पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या वैदिक संस्कृतीचा विकास या संशोधनपर ग्रंथास मिळाला (१९५५). अखिल भारतीय मान्यतेचे हे दार उघडले, तेव्हा बी. रघुनाथ हयात नव्हते.

पुढील पिढीने या उणिवेची भरपाई स्मृतिपुरस्कारांच्या रूपाने केली. नाथ समूह व परिवर्तन या संस्थांच्या वतीने औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे बी. रघुनाथ यांच्या नावे साहित्यकृतीस पुरस्कार देण्याची प्रथा पडली. मराठवाडा साहित्य परिषदेच्या पुरस्कारांपैकी एक नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांच्या नावे आहे. या विचारवंताचे मूळ गाव कुरुंदा; ते तेव्हा परभणी जिल्ह्यात होते व १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. अशा पुरस्कारांमुळे नव्या ग्रंथाचा गौरव होतो, आणि ज्याला हयातीत पुरेसा मान लाभला नाही अशा लेखकाचे नावही दरवर्षी वाचकांपुढे येते.

कवी नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली १९९५ मध्ये परभणी येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. परभणीचे पत्रकार व कथाकार आसाराम लोमटे यांच्या आलोक या कथासंग्रहास २०१६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातील खेड्याचे व शेतकऱ्याचे जगणे हा त्यांच्या कथांचा विषय. बी. रघुनाथ यांच्या निधनानंतर त्रेसष्ट वर्षांनी परभणीतच राहून लिहिणाऱ्या लेखकास हा मान लाभला. तथापि मधल्या काळात परभणीत चांगले लेखन झालेच नाही, असा निष्कर्ष पुरस्कारांच्या यादीवरून काढता येत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ही यादी पाहावी, पण तिच्याबाहेर राहिलेले ग्रंथही वाचावेत, हेच परभणीच्या उदाहरणावरून दिसून येते.