नालंदेचा महाशाली तांदूळ

नालंदेचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: दहा हजार विद्यार्थी आणि महिनोन्‌महिने जळणारे ग्रंथालय. पहिला आकडा चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगच्या चरित्रात येतो. त्यानंतर पन्नासएक वर्षांच्या आत तिथे राहून शिकलेला दुसरा चिनी यात्रेकरू इत्सिंग मात्र तीन-साडेतीन हजारांवर थांबतो. दुसऱ्या गोष्टीला समकालीन लेखनात आधार नाही. तरी वाद या दोहोंवरच होतो, आणि एवढ्या माणसांना जेवू कोण घालत होते, हा साधा प्रश्न बाजूला पडतो. माझ्या मते नालंदेचा उदय आणि अस्त समजून घ्यायचा तर ग्रंथालयाच्याही आधी तिच्या कोठाराकडे पाहायला हवे.

पुरावा चांगला भक्कम आहे. ह्युएन त्संगच्या चरित्रानुसार राजाने शंभरएक गावांचे उत्पन्न विहाराला लावून दिले होते आणि त्या गावांतली दोनशे कुटुंबे रोज तांदूळ, दूध, लोणी पोचवीत. इत्सिंगच्या काळी गावांचा आकडा दोनशेच्या वर गेलेला दिसतो. आपल्याकडची देवस्थान इनामे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. उत्खननात गावांच्या नावांच्या मातीच्या मुद्राही सापडल्या, म्हणजे प्रवाशांच्या वर्णनाला जमिनीतून दुजोरा मिळाला. १९२१ मध्ये मिळालेला पाल राजा देवपालाचा ताम्रपट तर हिशेबाच्या वहीसारखा बोलतो. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे दिली, चार राजगृह विषयातली आणि एक गया विषयातले. उत्पन्न कशासाठी, तेही लिहिले आहे: भिक्षूंचे अन्नवस्त्र, औषधपाणी, धर्मग्रंथांच्या नकला आणि मोडतोडीची डागडुजी. समुद्रापलीकडच्या राजाला इथे विहार बांधावासा वाटला ही कीर्ती खरीच; पण ती कीर्ती टिकवायला मगधातला भातच लागला.

यावर कोणी म्हणेल, गावे तर कितीतरी मठांना होती, मग शीलभद्रासारखा आचार्य आणि द्वारपंडिताच्या प्रश्नांनी दहातल्या सात-आठ जणांना परत पाठवणारी परीक्षा नालंदेतच का? आक्षेप रास्त आहे. धान्याने पंडित तयार होत नाहीत. पण धान्य असले की पंडिताला दारोदार फिरावे लागत नाही, आणि ह्युएन त्संगच्या चरित्राने नालंदेतल्या अध्ययनाच्या उंचीचे कारण नेमके हेच दिले आहे. खुद्द ह्युएन त्संगला तिथे रोज सुपाऱ्या, कापूर आणि महाशाली तांदूळ मिळे. हा टपोरा, सुवासिक तांदूळ मगधातच पिके आणि राजाला किंवा मोठ्या विद्वानालाच दिला जाई. दूरदेशीच्या पाहुण्याच्या चरित्रात शिध्याची इतकी बारीक नोंद असावी, यातच काय ते आले.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे: गावांचे काय घेऊन बसलात, बख्तियार खिलजीने सगळे जाळले ना? हिंसा झाली, ती झाकण्याचे कारण नाही. इतिहासकार मिन्हाजने मोहिमेतल्या दोन शिपाई भावांकडून ऐकून बिहारच्या किल्ल्यातली कत्तल लिहिली आहे. मुंडन केलेले सगळे मारले गेले आणि सापडलेली पुस्तके वाचायला कोणी उरले नाही. पण हा ‘किल्ला’ बहुधा आजच्या बिहार शरीफचा ओदंतपुरी विहार. नालंदेचे नाव मिन्हाज घेत नाही. आणि आग नालंदेला नवी नव्हती. पहिल्या महीपालाच्या अकराव्या राज्यवर्षातला बालादित्याचा लेख जळालेल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची नोंद करतो. तेव्हा देणारे हात शाबूत होते, म्हणून भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. पालांचे दान विक्रमशीला, सोमपूर असे वाटले गेले, पुढे त्यांचे राज्यच आटले, आणि तुर्कांनी मगध घेतल्यावर जमिनीचे उत्पन्न इक्ता म्हणून सरदारांकडे वळले. या वेळी जळाले ते पुन्हा बांधायला गावेच हाती राहिली नाहीत.

तिबेटी यात्रेकरू धर्मस्वामी १२३५ च्या सुमारास नालंदेत आला, खिलजीच्या स्वारीनंतर तीसेक वर्षांनी. वापरण्याजोगे दोनच विहार उरले होते आणि नव्वदी उलटलेले राहुल श्रीभद्र सत्तरएक जणांना शिकवीत होते. मगधाचा छोटा राजा बुद्धसेन त्यांचा मान राखी, आणि ओदंतपुरीचा जयदेव नावाचा ब्राह्मण गृहस्थ त्यांची सोय पाही. त्या जयदेवाला तुर्क अंमलदाराने कैदेत टाकले. सैनिक नालंदेवर येणार हे कळताच त्याने तुरुंगातून निरोप पाठवला. विद्यार्थी पांगले. म्हाताऱ्या गुरूंना धर्मस्वामीने खांद्यावर घेतले, बरोबर थोडा तांदूळ आणि साखर घेतली आणि जवळच्या देवळात तो लपला. सैनिक निघून गेल्यावर दोघे परत आले आणि राहिलेला पाठ पुरा केला.