गाव वसवा, किताब मिळवा

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 3 मे 1637 रोजी पाल्मा या गावाचा पाया घातला गेला. गाव वसवले कार्लो आणि जुलिओ तोमासी या जुळ्या भावांनी. आखणीत हातभार होता जोव्हान्नी बात्तिस्ता ओदिएर्ना या धर्मगुरूचा. तो तितकाच निष्णात आकाशनिरीक्षक होता. 1654 मध्ये त्याने तेजोमेघांची यादी छापली, तीही मेसिएच्या प्रसिद्ध यादीआधी शतकभराहून अधिक. गावाला वर्ष होते न होते तोच, 1638 मध्ये, कार्लो पाल्माचा ड्यूक झाला.

हा योगायोग नव्हता. त्या काळच्या सिसिलीत उमरावपदाची वाट नव्या गावातून जात असे.

सिसिलीचे राज्य जुने. 1130 च्या नाताळात पलेर्मोत दुसऱ्या रॉजरचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनचे. पण सोळाव्या-सतराव्या शतकात इथला राजा स्पेनमध्ये बसत असे आणि पलेर्मोत त्याचा व्हाइसरॉय. युद्धांमुळे स्पेनचा खजिना सतत रिकामा. सिसिलीत गहू मुबलक पिके आणि गव्हाला भावही चांगला होता. मात्र बेटाच्या आतल्या भागात ओसाड रान पुष्कळ आणि कसणारे हात कमी. राजाला पैसा हवा होता, जमीनदारांना कुळे हवी होती आणि शिवाय मानही. म्हणून राजा पैसे घेऊन गाव वसवण्याचा परवाना देऊ लागला. जमीनदार घरे बांधून देई, दूरदूरच्या शेतकऱ्यांना सवलतींचे आमिष दाखवून बोलावून घेई. अशा रीतीने बेटावर शंभराहून अधिक नवी गावे उभी राहिली.

गावाचा धनी झाला की पलेर्मोच्या संसदेत बसता येई. या संसदेचे तीन भाग होते: एक धर्मगुरूंचा, एक सरदारांचा आणि एक थेट राजाच्या अमलाखालील शहरांचा. सरदारांच्या भागात जागा मिळायची ती वस्ती असलेल्या जहागिरीच्या जोरावर. नुसत्या रानाच्या मालकाला तिथे कोण विचारणार?

दर्जाची उतरंड सगळ्यांना पाठ असे. सर्वांत वर प्रिन्स, मग ड्यूक, मार्क्विस, काउंट आणि बॅरन. सिसिलीतला पहिला प्रिन्स 1563 मध्ये झाला. दुसऱ्या फिलिपने आंब्रोजिओ सांतापाऊला बुतेराचा प्रिन्स केले आणि पुढे सरदारांच्या भागाचे अग्रपद बुतेराच्या प्रिन्सकडे राहिले. सतराव्या शतकात खजिन्याची चणचण वाढली तसे किताब सर्रास विकले गेले. फौजदारी न्यायाचा अधिकारही पैसे मोजून विकत घेता येई. या व्यवहारातला सर्वांत क्रूर भाग हाच. खंड मागणारा मालक आणि शिक्षा ठोठावणारा न्यायाधीश एकच झाल्यावर कुळाने दाद मागायची कुणाकडे?

तरीही सगळीच गावे मानासाठी वसली नाहीत. व्हित्तोरिया कोलोन्ना ही लेपांतोच्या लढाईत पोपच्या आरमाराचे नेतृत्व करणाऱ्या मार्कान्तोनिओ कोलोन्नाची मुलगी. तिच्या सासरी मोदिकाचे काउंटपद आधीपासून होते. नड होती ती उत्पन्नाची. तिने 1607 मध्ये स्वतःच्या नावाचे गाव वसवले आणि तिथे द्राक्षाच्या लागवडीला चालना दिली. व्हित्तोरियाच्या परिसरातली चेरासुओलो ही वाइन आजही इटलीतल्या सर्वोच्च दर्जाच्या वाइनमध्ये गणली जाते. उलट, निकोलो प्लाचिदो ब्रांचीफोर्तीने 1610 मध्ये लिओनफोर्ते वसवले आणि 1622 मध्ये तो तिथला प्रिन्स झाला. त्याच्या घराण्याने तिथे 24 तोट्यांचे भव्य कारंजे बांधले.

थाटामाटाला मात्र पैसा पुरत नव्हता. सरदार गावे सोडून पलेर्मोत राहू लागले, व्याज थकू लागले. कर्जात बुडालेल्या जहागिरींचा कारभार पाहण्यासाठी 1598 मध्येच सरकारला वेगळे मंडळ नेमावे लागले होते. ते सावकारांची देणी फेडी आणि सरदाराच्या पोटगीची सोय करी. मिळकत थोरल्याकडेच अखंड जायची, त्यामुळे धाकट्यांची वाट बहुधा मठाकडे वळे. जमीन मक्त्याने घेणारे मक्तेदार मधल्या मध्ये गब्बर झाले. अठराव्या शतकात व्हाइसरॉय काराच्चोलोने (1781 ते 1786) धर्मन्यायालय बंद केले, सरदारांच्या जमिनींवर कर बसवण्याचाही प्रयत्न केला. पण संसदेने त्याला दाद दिली नाही.

शेवटी सरंजामशाही मोडली ती 1812 मध्ये, आणि त्या प्रसंगी हजर असलेला एक माणूस मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. नेपोलियनच्या भीतीने सिसिलीत इंग्रज फौज तळ ठोकून होती. तिचा सेनापती आणि इंग्लंडचा वकील होता लॉर्ड विल्यम बेंटिंक, पुढे 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा करणारा. त्याच्या पाठबळाने संसदेने नवी राज्यघटना स्वीकारली आणि सरदारांनी आपले न्यायाधिकार सोडले. सोडले म्हणताना एक गोष्ट विसरू नये: जहागिरी त्यांच्या खासगी मालकीच्या झाल्या. शेतकऱ्याच्या हाती त्यातले फारसे काही आले नाही, आणि सिसिलीच्या पुढच्या शतकभराच्या दुःखाचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

पाल्माच्या तोमासींचे काय झाले? कार्लोने ड्यूकपद जुलिओला देऊन धर्मदीक्षा घेतली. जुलिओने आपला वाडा बेनेदिक्तीन जोगिणींच्या मठासाठी दिला आणि त्याच्या मुली तिथेच जोगिणी झाल्या. 1667 मध्ये तो लांपेदूसाचा प्रिन्स झाला. त्याचा मुलगा जुसेप्पे वारसा सोडून धर्मगुरू झाला, कार्डिनलपदापर्यंत पोहोचला. 1986 मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. लांपेदूसा बेट एकोणिसाव्या शतकात राजाकडे गेले, नावातला किताब तेवढा उरला. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात घराण्याचा पलेर्मोतला वाडाही गेला. घराण्याच्या अखेरच्या काळातल्या जुसेप्पे तोमासी दी लांपेदूसाने ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरी लिहिली. ती 1958 मध्ये छापून आली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. त्याआधीच, 1948 मध्ये अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेने उमरावांच्या किताबांची मान्यता काढून घेतली होती.

सिसिलीला जाणारे मराठी पर्यटक बहुधा पलेर्मो आणि एटना पाहून परततात. त्यांनी एक दिवस पाल्मासाठी राखून ठेवावा. तिथल्या मठात जोगिणी अजून बदामाची बिस्किटे करतात.